पाकळी न धरणारा देव

जांभळेवाडी सोडली त्या दिवशी आम्हाला तीन ट्रक मिळाले होते. देवासाठी जागा कुठल्याच ट्रकमध्ये नव्हती, कारण येतो की नाही हे त्यानं अजून सांगितलं नव्हतं.

माझे वडील, आबा, गावचे गुरव. धरणाचं पाणी खालच्या शेतांत शिरलं होतं, पण टेकावरची देवराई कोरडी होती आणि तिथल्या शेंदूर चढवलेल्या दगडाला कौल लावायचं काम आमच्या घराचं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फुलाची एक ओली पाकळी देवाच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आबांनी पहिला प्रश्न माणसांचा विचारला. आमी जावं का? उजवी पाकळी अशी झटकन पडली की सगळेच जरा नाराज झाले. आपल्याला घालवायची देवाला एवढी घाई असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मग दुसरा प्रश्न: तू येतोस का? आणि दोन्ही पाकळ्या घट्ट बसल्या. ऊन कलायला लागलं. ट्रकचा ड्रायव्हर बिडी विझवत वर आला आणि म्हणाला, "अजून किती येळ लागंल तुमच्या सायबाला?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आबा हसले नाहीत. शेवटी उत्तर न घेताच निघावं लागलं. आबा ट्रकपर्यंत उलटे चालत आले, एखादी पडते का बघत. दोनदा ठेचकाळले.

तुमच्यापैकी काही जण त्या ट्रकांमध्ये होते, काही घाट उतरून कोकणात गेले, काही गुरं घेऊन वरच्या पठारावर सरकले. तुम्हा सगळ्यांना मी हे लिहितोय, कारण देवानं पुढं काय उत्तर दिलं ते तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांत मीही होतो.

आमची वसाहत म्हसवडच्या अलीकडे, उघड्या माळावर. पत्र्याच्या खोल्या, सरळ रेषेत. जांभळेवाडीत शेजारच्या घरी जायचं तर वळण घ्यावं लागायचं, चिखल तुडवावा लागायचा, कुणाच्या तरी फणसाला टेकून दम खावा लागायचा. इथं दारात उभं राहिलं की शेवटच्या खोलीतली भांडणंसुद्धा नीट ऐकू यायची. म्हसवडचा सिद्धनाथ थोर देव, पण त्याला त्याचे पुजारी आहेत. आबा दर्शनाला जायचे आणि पाहुण्यानं लवकर उठावं तसे उठून यायचे. वसाहतीत आपला देव मांडू म्हणून लोक मागे लागले की ते म्हणायचे, "त्यानं व्हय म्हनल्याबिगर मांडू कसा? त्यो काय कपाट हाय?" पहिल्या पिकाची जोंधळ्याची कणसं देवाला दाखवल्याशिवाय खायची नाहीत, म्हणून प्रत्येक घरात एकेक जुडी आढ्याला टांगलेली होती. वर्षं गेली. जुड्या वाढत गेल्या. उंदरांची चैन झाली.

मी सांगलीला आलो आणि एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट झालो. बेडूक पकडणं, बरण्यांत फॉर्मॅलिन भरणं, ट्रे धुणं. मला मजा वाटायची. सुट्टीत घरी गेलो की आबा विचारायचे, "काय गुरव, बेडकांची पूजा झाली का?"

मग एका वर्षी आमच्या सरांनी चार दिवसांचा जंगल अभ्यास ठरवला, आणि तोही नेमका आमच्या खोऱ्यात. आठ पोरं, एक बायनॉक्युलर, दोन स्टोव्ह आणि वाट दाखवायला मी. आबांना तोवर चार पावलंही धड चालवत नव्हती. मी सांगायला गेलो तर ते उठून बसले. "जा, इचार त्याला. अर्धं ऱ्हायलंय ते पुरं कर. उजवी पडली तर त्याच्या पायाखालची मूठभर माती आन. डावी पडली तर मोकळा ये, पन उत्तर घेऊन ये." वसाहतीतली माणसं मला स्टँडवर पोचवायला आली. झूलॉजीच्या ट्रिपला निघालेल्या माणसाला कुंकू लावून, ओवाळून एस.टी.त बसवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पहिला दिवस नुसत्या चढणीचा. पोरांचे नवे बूट त्यांना चावत होते आणि झुडपांवरच्या जळवा त्यांच्या मानेवर चढत होत्या. मी तंबाखूचं पाणी लावून जळवा सोडवत होतो आणि एवढा खुशीत होतो की सरांनी मला एकदा दटावलं. दुसऱ्या दिवशी शेकरू दिसलं. अंजनीच्या शेंड्यावरून जांभळीच्या शेंड्यावर त्यानं अशी उडी घेतली की पोरं टाळ्या वाजवायला लागली, आणि त्यानंतर दुपारपर्यंत एकही प्राणी दिसला नाही. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली तेव्हा पंखांचा आवाज रंधा मारल्यासारखा आला. कड्यावरून सरांनी कोकण दाखवलं, आणि त्याच्यापलीकडे चकाकणारी समुद्राची रेघ. पोरांनी वह्यांत लिहून घेतलं. मी मात्र मागं वळून पाण्याकडे बघत होतो. खाली आमचं गाव होतं आणि त्यावर धुकं नव्हतं, ढग नव्हता, काहीच नव्हतं. नुसतं सपाट पाणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी पठारावर धाकलू धनगर भेटला. माझ्याच वयाचा, आमच्याबरोबर म्हशी राखलेला. त्यानं गाव सोडलं नव्हतं, कारण त्याची वस्ती पाण्याच्या वर होती.

"आवं गुरव, पँट घालून द्येवाला भेटायला निघालासा व्हय?"

"देवराई हाय का रं अजून?"

"हाय की. पन गर्दी लय असती आता." आणि तो हसत म्हशींमागं गेला. त्या हसण्यात काय होतं ते मला तासाभरानं कळलं.

देवराई जागेवर होती. वाट मात्र नव्हती, आणि जी होती ती आमची नव्हती. रुंद, खुरांनी तुडवलेली, शेणानं भरलेली. सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. झाडीत अकरा गवे होते. काळे, ओले, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. त्यातला एक थोराड बैल आमच्या देवाला अंग घासत होता. मान, मग खांदा, मग पाठ. डोळे मिटलेले. सरांनी माझ्या कानात म्हटलं, "रबिंग स्टोन. काय नशीब आहे बघ." ते भराभर वहीत टिपत होते. मी हात जोडले.

गवे गेल्यावर मी पुढं झालो. सरांना आधीच सांगून ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी पोरांना लांब बसवलं. पिढ्यान्‌पिढ्या चढवलेला शेंदूर, बोटाएवढा जाड थर, त्यातले चांदीचे डोळे, सगळं गेलं होतं. खाली होता तो काळा, तुळतुळीत, तेल लावून घोटल्यासारखा दगड. मी अंघोळ केली, रानातलं फूल आणलं, पाकळ्या ओल्या केल्या आणि लावल्या.

दोन्ही एकाच वेळी घसरून खाली आल्या.

पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. जास्त पाणी, कमी पाणी, मोठी पाकळी, लहान पाकळी. एका पोरानं लांबून विचारलं, "मामा, उजवी कुठली धरायची?" तेही खरंच होतं, कारण डोळे गेल्यावर देवाचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते मला सांगता येईना. आबांबरोबर इतकी वर्षं त्या दगडापुढं बसलो होतो, आणि मी त्याच्याभोवती फिरून त्याची पाठ शोधत होतो. तेवीस-चोवीस वेळा लावलं असेल. ओलं बोट लावून पाकळी दाबून धरायचीही बुद्धी झाली, पण मग उत्तर माझंच झालं असतं. सरांनी दगडाच्या खाचेतले गव्याचे केस चिमट्यानं काढून पाकिटात भरले, तारीख घातली आणि हळूच म्हणाले, "निघायला हवं." माती मी उचलली नाही. कुणाच्या परवानगीनं उचलणार?

चौथ्या दिवशी उतरलो. सांगलीला न जाता तसाच म्हसवडला गेलो. आबांनी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला एकट्याला आत घेतलं. मी होतं तसं सांगितलं. वाटलं होतं, रडतील. त्यांनी विचारलं, "कितीक गवे हुते?"

"अकरा."

"चांगले धष्टपुष्ट?"

"लय."

त्यांनी मला खुणेनं जवळ बसवलं. मग म्हणाले, "ह्ये कुनाला सांगू नगंस. त्यानं नको म्हनलं, तर त्यो हाय. बोललाच न्हाई म्हनलं, तर ह्या लोकांस्नी काय ऱ्हायलं?"

मी त्यांना धरून दारापर्यंत आणलं. सगळी वसाहत उन्हात बसली होती. आबांनी घसा साफ केला. "डावी पडली. त्यो तितंच ऱ्हातो म्हनतोय." जन्मभर देवाचं उत्तर जसंच्या तसं सांगितलेल्या माणसाचं हे पहिलं खोटं. मग म्हातारी तानूआत्या उठली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. घराकडं कोनतरी पायजेच." तिच्या तोंडावर एवढं समाधान होतं की मला तिच्याकडे बघवेना. माझ्याकडे वळून लोकांनी विचारलं, खरं का? मी म्हटलं, व्हय. देव येणार नाही हे कळल्यावर त्या दिवशी आढ्यावरच्या जुड्या खाली आल्या. निम्म्या कणसांत नुसता भुसा होता. उरलेलं दळून लोकांनी खाल्लं.

आबा त्यानंतर दीड वर्ष जगले. कौल लावायला कुणी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तरी ते गेले नसते.

आता तानूआत्याच्या मुलाचं कोकणातून पत्र आलंय. तो लिहितो, देवाचा राग एव्हाना निवळला असेल, तू पुन्हा जाऊन विचार, या खेपेला उजवी पडेल, मग आपण सगळे एका ठिकाणी देव मांडू आणि वर्षातून एकदा तरी भेटू. चार पानांचं पत्र आहे. देवळाचा आराखडासुद्धा काढलाय, मंडप वगैरे धरून. हे सगळं त्याच्या त्या पत्राचं उत्तर, तुम्हा सगळ्यांना पाठवलेलं.

रागावलेलं तिथं कुणी नाही, बाबा. मला लोक सांगलीत विचारतात, गाव कुठलं? मी नाव सांगतो. ते विचारतात, तिथं कोण असतं आता? मी गव्यांचं वर्णन असं रंगवून करतो की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. एवढंच गाव माझ्याकडे उरलंय. त्या दिवशी देवराईत आपण सत्तर-ऐंशी माणसं एका उत्तराची वाट बघत बसलो होतो, तेव्हा आपलं घर होतं. त्यानंतर तू एकटाच वाट बघत राहिलास. आज मी तेही थांबवलं. माफ कर.