हेम्पच्या शेतीचा साइट-इन-चार्ज

"मॅडम, सही संध्याकाळी आहे. तुम्ही फक्त एक नजर टाका, म्हणजे मला बरं वाटेल," विल्सन फोनवर म्हणाला.

त्याने पाठवलेला करार मी कतारच्या वेस्ट बेमधल्या ऑफिसात बसून वाचायला घेतला आणि मधल्याच एका पानावर थांबले. पीक: हेम्पची फुलं. परवाने, बियाणं आणि पिकाची सगळी कायदेशीर जबाबदारी साइट-इन-चार्जची. साइट-इन-चार्ज: विल्सन.

मी फोन लावला. "पेन कुठे आहे तुमचं?"

"खिशात."

"गाडीत ठेवा. मी निघते आहे."

माझं काम कम्प्लायन्सचं. दोन पार्ट्या एकत्र धंदा करायला निघाल्या की त्यांचा कागद कायद्यात बसतो की नाही, ते मी बघते. लोकांना वाटतं, आम्ही कामं अडवतो. कधीकधी अडवतोही.

विल्सन वसईचा. घरची फुलांची वाडी. गेली बरीच वर्षं तो अल रुवैसच्या अलीकडे बू नासिर यांच्या फार्मवर मॅनेजर आहे; त्या फार्मचे कागद मीच बघते. बू नासिर म्हणजे नासिरचे वडील. इथे मोठ्या माणसाला मुलाच्या नावाने ओळखतात. थंडीत सगळेच काकडी लावतात, भाव पडतो, म्हणून त्यांची अर्धी ग्रीनहाउसेस रिकामी होती. तिथे डॅनियल आला. परदेशातल्या एका बियाणे कंपनीचा माणूस. चांगला सूट, चांगलं बोलणं. जागा बू नासिरची, बियाणं आणि तंत्र डॅनियलच्या कंपनीचं, मेहनत विल्सनची. आणि पहिल्यांदाच विल्सनचं नाव पगाराच्या नाही, भागीदाराच्या रकान्यात.

फार्मच्या गेटवर तो वाटच बघत होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला.

"मॅडम, हे हेम्प आहे. गांजा नाही. डॅनियलने सगळं दाखवलंय. नशा होतच नाही."

"झाड कुठलं?"

"झाड तेच. पण जात वेगळी."

इथे थोडं समजावून सांगते. भांग, गांजा, हेम्प ही एकाच झाडाची घराणी. नशा आणणारा जो घटक असतो, त्याला टीएचसी म्हणतात. काही देशांनी त्याची मर्यादा ठरवली आहे. त्याच्या खाली असेल तर ते झाड हेम्प, धागा काढा, तेल काढा, फुलं विका. वर गेलं तर गांजा. आणि फूल तोडायला उशीर झाला तर तेच पीक मर्यादेच्या वर जाऊ शकतं. मग सगळं जाळायचं. हे झालं ज्या देशांत मर्यादा आहे तिथलं. कतारमध्ये अशी खालची-वरची रेघच नाही. इथे ते झाड म्हणजे अमली पदार्थ. बी सुद्धा विमानतळावरून बाहेर येणार नाही, पण आणणारा माणूस नक्की आत जाईल.

"म्हणजे मी?" विल्सन म्हणाला.

"बियाणं तुमच्या नावावर येणार आहे ना? मग तुम्हीच."

तो चिडला. "तुम्ही लोक कागद वाचून वाचून रोपं मारता, मॅडम. बायकोने घरी सगळ्यांना सांगितलंय, विल्सन पार्टनर झाला म्हणून. आता काय सांगू? रद्द?"

"जेलमधून फोन करण्यापेक्षा ते सोपं जाईल."

बू नासिर मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, लोडाला टेकून बसले होते. त्यांना कामापुरतं हिंदी येतं, इंग्रजी समजतं. मी सरळच सांगितलं, हे पीक इथे गुन्हा आहे.

"हमको भी दिल में ऐसाच लगा," ते म्हणाले. "लेकिन मॅडम, हम जबान दिया. वो इधर बैठा, हमारा कॉफी पिया, हम बोला ठीक है. अभी ना कैसे बोलेगा?"

ही खरी अडचण होती. कायद्याची अडचण मला नवीन नाही. पण बैठकीत पाहुण्याला हो म्हणून झाल्यावर हा माणूस शब्द मोडणार नाही, हे मला माहीत होतं. समजा त्याने तो मोडला असता, तरी मनात सल राहिला असता, आणि तो विल्सनवर निघाला असता. म्हणजे नाही हे डॅनियलच्या तोंडून यायला हवं होतं.

"तुम्ही शब्द फिरवू नका," मी म्हटलं. "करारात मी फक्त एक बदल करते. चालेल?"

"एक बदल चलेगा."

मी लॅपटॉप उघडला. साइट-इन-चार्जच्या पुढचं विल्सनचं नाव काढलं आणि डॅनियलचं टाकलं. बियाण्याचा आयातदार तोच. मंत्रालयात परवानगीचा अर्ज तोच स्वतः सही करून देणार. लेखी परवानगी हातात पडेपर्यंत देशात एक बी येणार नाही. पीक उभं असेपर्यंत त्याने फार्मवर राहायचं. नफ्याच्या वाटणीला मी हात लावला नाही.

डॅनियल आला. कॉफी झाली, खजूर झाले. मी पान पुढे केलं. त्याने हसत हसत वाचायला सुरुवात केली आणि मग हसू गेलं.

"हे स्टँडर्ड नाही. ही ऑपरेशनल भूमिका लोकल टीमची असते."

"तज्ज्ञ तुम्ही आहात," मी म्हटलं. "शिवाय तुम्हीच विल्सनला सांगितलंत की हे जवसासारखं साधं पीक आहे."

"अर्थात. पण मी इथे राहत नाही."

"राहा. बू नासिर खोली देतील."

बू नासिर यांनी लगेच मान डोलावली. "एसीवाला."

"आणि परवानगीचा अर्ज?" मी विचारलं. "विचारायला तर कुठे मनाई नाही. उद्या मी तुमच्याबरोबर येते."

डॅनियलने टाय सैल केला. "हे बघा, आमच्या कंपनीचं धोरण आहे. बंदी असलेल्या देशांत आमचा स्टाफ मालाला हात लावू शकत नाही."

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. विल्सन त्याच्याकडे बघत होता, मान जराशी वाकडी करून, झाडावर कीड दिसल्यावर बघतो तसा.

बू नासिर यांनी कप खाली ठेवला. "तुमच्या माणसाला जे चालत नाही, ते माझ्या माणसाला कसं चालेल?" हे त्यांनी अरबीत म्हटलं आणि मला इंग्रजीत सांगायला लावलं.

डॅनियल म्हणाला, हेड ऑफिसशी बोलून कळवतो. दारापर्यंत त्याला पोहोचवायला बू नासिर स्वतः गेले. परत आले आणि म्हणाले, "खलास. ना उसने बोला, हमने नहीं."

मी बॅग भरायला घेतली नाही. असे मोकळे चेहरे पुन्हा लवकर मिळत नाहीत. "एक राहिलं. भागीदारीचा शब्द तुम्ही विल्सनलाही दिला होता."

विल्सन घाबरून माझ्याकडे बघायला लागला. बू नासिर मोठ्याने हसले. "मॅडम, तुम वकील है या दलाल?"

"दोन्हीचे पैसे तुम्हीच देता."

त्यांनी विल्सनकडे वळून विचारलं, "क्या लगाएगा?"

विल्सन म्हणाला, "मोगरा. केरळच्या, तमिळनाडूच्या, आपल्या बायका विमानाने आलेले शिळे गजरे घेतात. उन्हाळ्यात इथे सगळं मरतं, मोगरा नाही मरणार."

"पक्का?"

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला हम बोलेगा. तुम पक्का बोलो."

"पक्का."

कंपनीची नोंदणी व्हायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. विल्सनच्या व्हिसामुळे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात माझे हेलपाटे झाले. पहिल्या हंगामात निम्म्या कळ्या गळल्या. पाणी खारट होतं. मग पाणी गोड करायचं मशीन बसवलं. या उन्हाळ्यात ओणमच्या आधी त्याची फुलं संपली आणि दुकानदार फोन करत राहिले. विल्सनची बायको येऊन महिनाभर राहून गेली. भागीदार म्हणून त्याला आता दुसरी काळजी आहे, मजूर सुट्टी मागतात.

मला त्यातून एवढंच मिळालं की मसुदा वाचायची पद्धत बदलली. नफा कोणाला किती, हे आता मी शेवटी वाचते. आधी बघते, पोलिसांनी दार वाजवलं तर उघडायचं कोणी.