शिडीच्या पेटीत काय टाकलं

साक्रीच्या एस.टी. स्टँडवर मला पोचवायला एकच माणूस आला होता. नाना वकील. पंधरा दिवसांपूर्वीच इलेक्शनला पडलेले, दाढी वाढलेली, धोतराचा सोगा धुळीत लोळतोय याचंही भान नाही. जळगावच्या जिनिंगमधल्या ओळखीच्या मुनिमाला लिहिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गिरजाबाई, मी कमी पडलो. तुम्ही बायांनी तुमचं काम चोख केलं." मोटार हलली. मी खिडकीतून हात जोडले. तेव्हा माझ्या पदराच्या गाठीत एक कागद बांधलेला होता, आणि तो काय आहे हे ना त्यांना ठाऊक, ना मला.

तुम्ही कुणी आला नाहीत, बायांनो, त्याचा राग नाही. माझ्या दिरानं ओट्यावरून सगळ्या गल्लीला दम भरला होता, "हिले कोनी पोचाडाले जावानं नही." मला घराबाहेर काढताना म्हणाला, "तुना नाना पडना. आते कोना जोरवर ऱ्हाशी?" खरंच होतं ते. धनी गेल्यावर तेराव्याच्या आत त्यानं माझा अंगठा घेतला आणि वावर गेलं. कोर्टात माझ्या बाजूनं उभे राहिले ते नानाच. तेव्हा त्यांनी मला बजावलं होतं, "सरकारी शिक्क्याचा कागद हाती आला की सोडायचा नाही, बाई. कुणी का असेना, द्यायचा नाही." मी तुम्हालाही ते घोकून घोकून सांगितलं.

आणि ती विहीर आठवते? सगळ्या जातींना खुली केली तो दिवस? पाटलाची सून ताट घेऊन पुढे झाली, तर नानांनी हात आडवा धरला आणि मला बोलावलं. मला! पांढऱ्या कपाळाची बाई! मी मागे सरले, तर म्हणाले, "तुम्ही वाहा हळदकुंकू, मग आम्ही पाणी पिऊ." चार वर्षांनी माझी बोटं कुंकवात गेली. अर्धं कुंकू काठावरच सांडलं. ठगूबाई, तू मागून माझा हात धरला होतास. त्या दिवसापासून हा माणूस मला देवाच्या ठिकाणी आहे. आजही आहे. म्हणून तर जीव असा तुटतो.

मग मतांचा दिवस. नानांची माणसं सांगून गेली, दर उमेदवाराची पेटी वेगळी असते, शिडीचं चित्र असलेली नानांची, तिच्यात टाका. काय टाका, ते विचारायची मला गरजच वाटली नाही. शहाणी ना मी! साहेबानं शिक्क्याचा कागद दिला, काहीतरी सांगत होता, पडद्याकडे हात करत होता. माझा जीव सगळा त्या शिडीत. आत गेले, पेटीला हळदकुंकू लावलं, फटीतून ज्वारीचे चार दाणे आत सोडले, डोकं टेकवलं. कागद मात्र ओच्यात खोचला. बाहेर आले आणि रांगेतल्या तुम्हा दहाजणींच्या कानात सांगितलं, असं असं करा, कागद जपून घरी न्या. तुम्ही माझं ऐकलंत. ठगूबाई, तू तर तुझा देव्हाऱ्यात ठेवलास.

जळगावात मी जिनिंगला लागले. सरकीचा तो घमघमाट, नाकातोंडात रुई, मुकादमाच्या शिव्या, बळीराम पेठेमागची भाड्याची खोली. गावी भाकरीला शेजारीण मीठ द्यायची, इथे नळावर बादलीवरून झोंबाझोंबी. भाषासुद्धा बदलली, 'आहे'ला 'शे' म्हटलं की पोरी हसतात. पण नानांचं पोस्टकार्ड दर दिवाळीला येतं. 'वाचायला शिका,' एवढंच असायचं त्यात, आणि तेही दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. शेवटी लाज वाटून प्रौढांच्या वर्गात बसले. गेल्या आठवड्यात मास्तरीणबाईंनी वर्गात खोका आणला. म्हणाल्या, पुन्हा मतं आलीत, बघून घ्या. साहेब कागद देईल, तो घडी करून पेटीत टाकायचा. तो कागद म्हणजेच तुमचं मत.

मी विचारलं, "आणि घरी नेला तर?"

बाई हसल्या. "मग मत कुणालाच नाही."

बायांनो, माझ्या पायाखालची जमीन सरकली हो. खोलीवर येऊन डबा उघडला. कागद तसाच आहे, कोरा करकरीत, शिक्क्यासकट. ज्या माणसानं मला माणसात आणलं, त्याच्या पेटीत मी ज्वारी टाकली! अकराजणींची मतं मी घरात कोंडून ठेवली! किती मतांनी पडले नाना? पाच वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. आता तर विचारायची छातीच होत नाही. तुम्ही तुमचं काम चोख केलं, म्हणाले होते ते.

नाना पुन्हा उभे आहेत, आपल्याच भागातून, शिडीवरच. मास्तरीणबाईंनी पेपरात वाचलं, तब्येत खालावलीय, ही शेवटची खेप. माझं नाव आता जळगावच्या यादीत, मला आपल्या गावात मत नाही. तुम्हाला आहे. आणि तुम्ही पुन्हा तेच कराल, कारण मी शिकवलंय!

चार दिवस हे पत्र लिहितेय, वेलांट्या चुकवत. पण टाकू कुठे? आपल्या गल्लीत वाचता येतं एकालाच, माझ्या दिराला. तो तुम्हाला काय वाचून दाखवेल, ते मी इथे बसून सांगते.

म्हणून मीच येते. मुकादम म्हणाला, ऐन हंगामात खाडा केलास तर परत तोंड दाखवू नको. नाही दाखवणार. पुढे काय खाईन, ते ठाऊक नाही. सकाळच्या गाडीनं धुळं, तिथून साक्री, पुढे चालत. दीर ओट्यावर उभा असेल, त्याला जे ओरडायचं ते ओरडू दे. गावात माझी चूल नाही, वावर नाही, मत नाही. माझी म्हणावी अशी तिथे एक चूक तेवढी उरलीय, आणि तेच आता माझं घर. त्या विहिरीवर उभी राहून हे सगळं मी मोठ्यानं वाचणार आहे. माझा कागद दाखवणार आहे. दगड मारायचे तर मारा, पण ऐकून घ्या.

आणि मताला जाल तेव्हा हळदकुंकू घरीच ठेवा, बायांनो. कागद टाका.