काकांचं नाक

आमच्या पंचवटीत नाकं सगळ्यांनाच आहेत, पण नाकाने जगले ते एकटे माझ्या मावशीचे यजमान. काका नवी छत्री हुंगून विकत घेत, पेपर आधी हुंगत आणि मग वाचत. होणाऱ्या जावयालाही त्यांनी हुंगल्याशिवाय होकार दिला नसावा, असा मला दाट संशय आहे. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला भाजायला काढला, की गल्लीतल्या बायका काकांना बोलावत. काका दारातूनच निकाल देत, "धने उतरवा. खोबऱ्याला अवकाश आहे." आणि कढई मुकाट्याने उतरायची.

पुढे त्यांच्या नाकात मांस वाढलं आणि वास येईनासा झाला. हे त्यांनी मावशीखेरीज कुणालाही कळू दिलं नाही. मावशी मागे उभी राहून खोकायची, की काका निकाल द्यायचे. एका उन्हाळ्यात मावशी मनमाडला माझ्या आईकडे अडकली आणि काकांनी एकहाती शेजारणीच्या धन्यांचा कोळसा करून दाखवला. मग मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं. "बाहेरून चिरायचं नाही, नाकपुडीतूनच मांस काढू. श्वास मोकळा होईल. पण डोळे आणि मेंदू अगदी शेजारी आहेत, त्यांना इजा होण्याचा थोडा धोका असतो. रक्तस्राव होऊ शकतो, मांस पुन्हा वाढू शकतं. आणि वास परत येईलच असं नाही." काका डोळ्यांना घाबरले नाहीत, मेंदूला तर नाहीच नाही, अडले ते शेवटच्या वाक्यावर. घरी येऊन म्हणाले, "आज नाक बंद आहे म्हणून वास नाही, असं तरी म्हणता येतं. उघडूनही आला नाही तर काय म्हणू?"

मावशी मेथी निवडत होती. "श्वास येतोय म्हणा. तोंड उघडं टाकून झोपता, आणि मी मेली तुमच्या श्वासाकडे कान लावून जागी."

काका दुसऱ्याच दिवशी तारीख घेऊन आले.

ऑपरेशन सुरळीत झालं. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा काकांनी असा काही सोहळा मांडला, की शेजारी दारं लावून घेत. श्वास मोकळा झाला, मावशी गाढ झोपू लागली. वास मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू. काकांनी बरीच पाहिली आणि मग स्वतःच गल्लीत सांगून टाकलं, "माझ्या भरवशावर कढई ठेवू नका." ते ऐकताना मला फार वाईट वाटलं.

परवा गेलो तेव्हा मावशी देवासाठी मोगरा ओवत होती. काका समोर बसून विचारत होते, "आजचा कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे?"

मावशीने ओंजळ नाकाशी नेली. वासाबद्दल बोलायचं काम तिच्यावर जन्मात आलं नव्हतं. तिने पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. मग म्हणाली, "थंड आहे. जरासा गोड. आणि शेवटी, अगदी शेवटी, किंचित कडू."

"हां," काका म्हणाले, "मोगराच आहे." आणि त्यांनी पोटभर श्वास घेतला.