एक वाजताचं बटण

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबांच्या शब्दांची फाइल कुठवर आली. मी म्हणाले, चालू आहे. ते खरं नव्हतं. म्हणून आता जे झालं ते क्रमाने लिहिते.

मी जळगावची, इंग्रजीत शिकलेली. तुमचे आजोबा धुळ्याजवळच्या खेड्यातले. त्यांच्या तोंडी अहिराणी. मुलं झाली तेव्हा मी त्यांना बजावलं, घरात शुद्ध मराठीच बोलायचं. त्यांनी ऐकलं. म्हणून तुमच्या वडिलांना ती भाषा येत नाही आणि तुमच्या कानावर कधी पडलीच नाही. दोन वर्षांपूर्वी आजोबांना विसर पडू लागला, तेव्हा मी बजावलेली शुद्ध मराठी आधी गेली आणि अहिराणी मागे राहिली. तीही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी ठरवलं, ते सांगतील तो प्रत्येक शब्द अर्थासकट टाइप करून ठेवायचा. अक्षरागणिक एक फाइल.

तुमची आत्या धुळ्यात, देवपूरच्या आमच्या घरातूनच काम करते. जगभरातले लोक मिळून जी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितात, तिच्यातल्या चुका ती दुरुस्त करते. तिने आतल्या खोलीत फायली साठवायचा एक डबा बसवला. मी बाहेर लॅपटॉपवर लिहायची आणि शब्द वायरीतून त्या डब्यात जायचे.

मग लॅपटॉप कोसळू लागला. रोज नाही, अधूनमधून. आत्या म्हणाली, "आई, डबा मध्येच बंद पडतो. लाइट जात असेल. पण त्यापायी तुझा लॅपटॉप पडायला नको. डब्याशी बोलणारा जो भाग आहे, त्यात खोट आहे. तू वेळा टिपून ठेव."

मी वही घातली. महिनाभराने पाहिलं, तर प्रत्येक वेळ दुपारी एकच्या आसपासची. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडा ठेवून नुसती बघत बसले.

हे उठले. बोर्डाबोर्डाशी जाऊन एकेक बटण बंद करत आतल्या खोलीत गेले. आपल्याकडच्या उन्हात वायरी तापतात, म्हणून दुपारी पंख्याखेरीज सगळं बंद करायचं, ही त्यांची जन्माची सवय. बाहेर येऊन म्हणाले, "बठ्ठं बंद शे," म्हणजे सगळं बंद आहे. आणि मी, मीसुद्धा सवयीने, त्यांच्या मागोमाग जाऊन फ्रिज आणि बाकीची बटणं पुन्हा लावून आले. इतक्या वर्षांत आम्हा दोघांपैकी कुणालाही हे चमत्कारिक वाटलं नव्हतं. डबा पुन्हा सुरू झाला आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

पुन्हा उघडला, तर 'प'ची फाइल रिकामी. नेमकी तीच उघडी होती आणि आपोआप जतन होत होती. मी त्यांच्याजवळ बसून ते शब्द परत विचारले. त्यांना एकही आठवला नाही.

मला राग आवरला नाही. कात्री आणि चिकटपट्टी घेऊन मी घरातल्या सगळ्या बटणांवर पट्ट्या लावल्या. "पुन्हा हात लावलात तर बघा!" असं म्हणाले. त्यांनी एका पट्टीवरून बोट फिरवलं आणि खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर जेवण झालं तरी ते उठेनात. नवा शब्दही येईना. डॉक्टर म्हणतात, हे होणारच होतं. मला पटत नाही.

आत्या पट्ट्या बघून चिडली. "हे काय केलंस, आई? नानांनी बटण बंद केलं हा गुन्हा नाही. समोरचा गप्प झाला म्हणून माझ्या सिस्टिमने मरून पडायचं, हा गुन्हा आहे."

मग तिने मला समजावलं. लॅपटॉप डब्याकडे काही मागतो आणि त्याची चिठ्ठी स्वतःजवळ ठेवतो. डबा गेला की चिठ्ठी फाडतो. डबा परत आला की त्याच चिठ्ठीवर लिहायला जातो. चिठ्ठी नाही, म्हणून कोसळतो. तिने चार-पाच ओळी बदलल्या. तेवढ्यासाठी तीन आठवडे गेले होते. आता करून पाहायचं होतं.

तिने पट्ट्या सोलून काढल्या. एक वाजला. "नाना, चला, बठ्ठं बंद करा ना," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको. ती बोलस."

"करा हो," मी म्हणाले. "मी काही म्हणणार नाही. करा."

ते उठले नाहीत.

शेवटी बटण आत्याने दाबलं आणि थोड्या वेळाने परत लावलं. लॅपटॉप थांबला, थोडा घुटमळला आणि जिथे होता तिथून पुढे चालू झाला. तिने ती दुरुस्ती पाठवली, ती स्वीकारली गेली. आता ती कुठल्या कुठल्या देशांत पोहोचेल म्हणे, कदाचित तुमच्याकडेही.

आता रोज एकला मीच सगळी बटणं बंद करते आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणते, बठ्ठं बंद शे. माझा उच्चार चुकत असणार. ते तो सुधारत नाहीत.

फायली आता बिनतक्रार उघडतात. 'प'ची कोरी आहे. 'ब'मध्ये शेवटची नोंद 'बोलस' ही आहे. समोर अर्थ मी लिहिला आहे: रागावते.