दाराच्या खाचेतली पट्टी

घरातच वर्कशॉप असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लेथवरचा लोखंडाचा चुरा चपलेला चिकटून पार स्वयंपाकघरात येतो, तसे तेही येतात, आणि अनवाणी पाय पडला की कळतात. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय माझ्या, पण मैत्रिणीला फोन केला की ती आधी विचारते, "मशीनचं काय नवीन?" माझी चौकशी नंतर.

*

मशीन आणि मी एकाच आठवड्यात या घरात आलो. मी माप ओलांडून, मशीन भिंत पाडून.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. सासरे, म्हणजे अप्पा, तिथं साध्या लेथवर पॉवरलूमचे सुटे भाग करायचे. बसवराजनं, माझ्या नवऱ्यानं, त्याच जागी सेकंडहँड सीएनसी लेथ आणलं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं. क्रेनला लग्नाचा मांडव आडवा येत होता, म्हणून मांडव उतरवला. शेजारच्या काकू नवी सून बघायला आल्या होत्या, त्या क्रेन बघत उभ्या राहिल्या. जाताना सासूबाईंना म्हणाल्या, "सून शांत हाय ते बरं झालं की. दोन्ही आवाज करणारी आली असती तर अवघड होतं."

*

अप्पांच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. लेथवर फिरत्या लोखंडाला अंगठा टेकवून ते किती गुळगुळीत झालंय ते बघायची त्यांची पद्धत. एकदा घाईत हातमोजा न काढताच हात पुढं केला, तो गुंडाळला गेला आणि दोन बोटं घेऊन गेला.

मला बघायला आले तेव्हा माझ्या बाबांनी चाचरत विचारलं होतं. अप्पा म्हणाले, "धंदा शिकायची फी." सगळे हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

शेडमधून कुणी आत आलं की सासूबाई आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे. आता मीही तसंच बघते.

*

मशीनचं सेटिंग पुण्याचा इंजिनिअर व्हिडिओ कॉलवरून सांगायचा. बसवराज बटणं दाबायचा, मी मोबाइल धरायची, आणि अप्पा मोबाइलच्या मध्ये यायचे.

सगळं जमलं, दारावर अडलं. हे मशीन दार लावल्याशिवाय फिरतच नाही. अप्पांना ते पटेना. आत काय चाललंय ते कळणार कसं? इंजिनिअर म्हणाला, काच आहे ना काका. पण आत कूलंटचं दुधासारखं पाणी उडतं, काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही. अप्पा तीन बोटांनी काच पुसत राहिले. बाहेरून.

शेवटी बसवराजनं तोड काढली. दाराला एक पोलादी जीभ असते. ती चौकटीच्या खाचेत गेली की मशीन समजतं, दार लागलं. त्यानं तशीच एक पट्टी घासून तयार केली आणि खाचेत बसवून टाकली. आता दार सताड उघडं आणि मशीन चालू.

मी विचारलं, "अहो, हे चालतं असं?"

"मशीनला वाटतंय दार लागलंय, अप्पांना दिसतंय दार उघडंय. दोघंही खूश."

*

एका दुपारी चहा घेऊन गेले तर बसवराज उघड्या दारातून आत वाकलेला. फिरत्या जॉबवर, म्हणजे घडत असलेल्या लोखंडावर, अंगठा टेकवलेला. अगदी अप्पांसारखा, मान तिरपी, डोळे मिटलेले. शेजारी अप्पा कौतुकानं बघत उभे.

चहा तसाच परत आणला. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांना सांगितलं, ह्यांनीही अंगठा लावला. त्या बराच वेळ त्याच सुपातली तीच ज्वारी निवडत राहिल्या.

*

आमच्या मशीनमध्ये आकड्यानंतर टिंब द्यावं लागतं. पन्नास लिहिलं आणि टिंब राहिलं, तर ते पन्नास मिलिमीटर समजत नाही, केसाच्या जाडीएवढं काहीतरी समजतं. अप्पा मागून "आटप की, आटप की" करत होते आणि बसवराजचं टिंब राहिलं.

लोखंड कापणारं टूल बाजूला थांबायचं, ते थेट आत घुसलं. घर हललं. टूलच्या टोकाचा तुकडा उघड्या दारातून सुटला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधून आरपार विटेत गेला. अप्पांची नेहमीची उभं राहायची जागा बरोबर त्या कॅलेंडरसमोर. ते नुकतेच तंबाखू थुंकायला बाहेर गेले होते, म्हणून वाचले.

आत आले, भोक बघितलं, त्यात करंगळी घालून बघितली. मग दारात येऊन थांबलेल्या सासूबाईंना म्हणाले, "आणि तू मला तंबाखू सोड म्हणतीस."

*

दुसऱ्या दिवशी खाचेत पट्टी नव्हती. मशीन हलेना. मशीनखाली, चुऱ्याच्या ढिगात, सगळीकडे शोधली. बसवराजनं नवी केली. काही दिवसांनी तीही गेली. मग आणखी एक.

बसवराजला माझा संशय. गप्प बसणाऱ्या माणसावर संशय घेणं सोपं असतं. जेवताना तो माझ्याकडे बघायचा, मी भाकरी वाढायची. मला अप्पांचा संशय. वाटलं, घाबरलेत, पण पोरापुढं कबूल करवत नाही. आणि अप्पांना इंजिनिअरचा. "त्यो पुण्यातनं फोनवरच काडून घेतोय का रे?"

*

खंडेनवमीला शेड धुतली. हत्यारांची पूजा घरातल्या मोठ्या माणसाच्या हातची, म्हणजे अप्पांची. सासूबाई एरवी शेडमध्ये पाऊल टाकताना दिसत नाहीत. त्या दिवशी पाट त्यांनी मांडला.

अप्पा खाली बसले. पान्याला कुंकू लावलं, कानशीला लावलं, व्हर्नियरला लावलं. पुढं त्यांचा अंगठा थांबला. पाटाच्या कडेला सगळ्या पट्ट्या ओळीनं ठेवल्या होत्या, धुऊन, तेलाचं बोट फिरवून.

"ह्या हितं कशा?"

"ह्यांना बी लावा," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बसूची बोटं खाल्ल्यावर पुजण्यापरीस आत्ताच पुजा."

अप्पांनी अंगठ्यावरचं कुंकू सावकाश स्वतःच्या शर्टाला पुसलं.

बसवराज झेंडूचा हार घेऊन उभा होता. त्यानं मशीनचं दार ओढून घेतलं, आणि हार त्या लागलेल्या दारावरून घातला.