लाल गाडीची डावी सीट

मोटारगाडी माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी असते, हा जगभर पसरलेला गैरसमज माझ्या बायकोच्या मामांनी न्हावऱ्याच्या वस्तीवर बसून एकहाती खोडून काढला आहे. मामांच्या गोठ्यात जर्सी गाई आहेत, एक म्हातारा बैल आहे आणि त्यांच्या पलीकडे, पत्र्याच्या त्याच छपराखाली, लालभडक रंगाची दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार आहे. पुण्यातल्या कुणा हौशी माणसाने हौस फिटल्यावर ती विकायला काढली आणि मामांची हौस नेमकी तेव्हाच सुरू झाली. गाडी इतकी बुटकी, की शेजारची कालवड तिच्या टपावर हनुवटी टेकवून रवंथ करते. मामा कालवडीला हाकलत नाहीत. थंडीत गाडीवर गोधडी घालतात आणि गोधडी पुरत नाही म्हणून मामींच्या जुन्या साड्या जोडतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत कुणी आजारी माणूस झोपलंय.

मामा म्हणजे पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि टोपी. ही टोपी ते देवापुढे सोडून कुठेच काढत नाहीत. आमदार आले तरी नाही. पण गाडीत बसताना टोपी छताला अडते, म्हणून गाडीपुढे काढावीच लागते. आत शिरायची त्यांची एक पद्धत आहे. आधी पाठमोरे उभे राहतात, मग "पांडुरंगा" म्हणून अंग सोडून देतात. बाहेर यायला पद्धत नाही. आधी एक पाय येतो, मग बराच वेळ काहीच येत नाही, मग आतून आवाज येतो, "जावईबापू, हात द्या."

मी रांजणगावच्या एका कंपनीत कामाला आहे. तिथे मी पगाराचे कागद करतो, पण "कंपनीत हाय" एवढंच मामांना पुरेसं आहे. गाडीचं काही बिघडलं, की मला शिरूरला आमच्या घरी बोलावणं येतं. बिघडतं एकच. बॅटरी उतरते.

याला कारण गाडी चालत नाही आणि गाडी न चालण्याला कारण मामांचं पंचांग. पावसाळ्यात चिखल, म्हणून गाडी काढायची नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॉल्या, चिपाडं आणि खड्डे, म्हणून नाही. कांदा काढणीत धुरळा, उन्हाळ्यात रंग उडतो. अमावस्येला तर सायकलसुद्धा काढायची नाही. यातून वर्षाकाठी जे थोडे दिवस उरतात, त्या दिवशी मामा आंघोळ करून, गंध लावून, टोपी काढून गाडीत बसतात, चावी फिरवतात आणि गाडी टकटकटक करून गप्प बसते. मग मामा टोपी पुन्हा घालतात. टोपी घातली म्हणजे आजचा कार्यक्रम संपला, असं सगळी वस्ती समजते.

पुढचा प्रकार आणखी मजेशीर. या गाडीचं इंजिन मागे आणि डिकी पुढे. बॅटरी त्या पुढच्या डिकीत. आणि डिकी उघडते विजेवर! म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मामा बराच वेळ ओट्यावर बसून होते. "ज्यानं ही गाडी केली, त्याला बायकूनं कवातरी चावी आत ठिवून घराबाहेर काढला आसंल," एवढंच म्हणाले. शेवटी कुणीतरी युक्ती सांगितली. स्टिअरिंगखाली एक टोक असतं, ते ओढून त्याला ट्रॅक्टरवरून वायर लावून करंट पाजायचा, म्हणजे डिकी उघडते, मग बॅटरीला करंट पाजायचा, म्हणजे गाडी. त्यामुळे ही वेगवान गाडी सुरू व्हायच्या आधी ट्रॅक्टर सुरू व्हावा लागतो.

त्याआधी ढकलून पाहण्याचा एक काळ होऊन गेला. ही ऑटोमॅटिक आहे, ढकलून सुरू होत नाही, हे मी पुस्तकात वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "ढकलून चालू हुत न्हाई आसं वाहान आजून जलमलं न्हाई." त्यांनी गोठ्यापासून रस्त्यापर्यंत मुरमाचा छान उतार करून घेतला. अख्खी वस्ती ढकलायला. मामा आत स्टिअरिंग धरून, चेहरा गंभीर. गाडी उतारावरून आली, रस्ता ओलांडून पलीकडच्या मक्यात गेली आणि तिथेच थांबली. ट्रॅक्टरने मागे ओढून आणली. त्या दिवसापासून न्हावऱ्यात म्हणतात, मामांची गाडी जोरात पळते, फक्त ट्रॅक्टरच्या मागे.

गाडीची डावी सीट मात्र निराळं प्रकरण. तिच्यावर कंपनीचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं आणि त्यावर मामांनी टॉवेल अंथरलेला. तिथे बसायची कुणाला परवानगी नव्हती. गावच्या निवडणुकीत मामांचं पॅनेल निवडून आलं तेव्हा मिरवणुकीला लाल गाडी पाहिजे, असा सगळ्यांनी हट्ट धरला. बॅटरी अर्थातच उतरलेली. मग उसाच्या ट्रॉलीवर गाडी चढवली, दोरांनी बांधली आणि गुलालात मिरवली. गाडीत मामा, बाहेर हलगी. नवे सरपंच मोठ्या उत्साहाने डावं दार उघडायला गेले. मामा आतून ओरडले, "ती जागा तुमच्या मामींची हाय. तुम्ही मागं ट्रॉलीत हुबं ऱ्हावा." सरपंच पूर्ण मिरवणूकभर आपल्याच मिरवणुकीत उभे होते.

आता ज्यांच्यासाठी जागा राखलेली, त्या मामी गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. गाडी आली त्याच दिवशी त्यांनी तिला आतून-बाहेरून हळदकुंकू लावलं, दोन्ही दारांना ओवाळलं आणि जाहीर केलं, "एका चावीत चालू झाली, तर बसंन. लोकांनी ढकलत न्यायला मी काय देवाची पालखी हाय व्हय?" अट साधी होती, पण ती पुरी व्हायचा योग येत नव्हता.

शिवाय मामींची एक विद्या होती, तिने मामा हैराण. रोज दिवेलागणीला मामी तुळशीपुढे दिवा लावत आणि उदबत्ती घेऊन गोठ्यातून एक फेरी मारत. एखाद्या संध्याकाळी परत येऊन भाकरी थापता थापता सांगत, "उतरली बरं का बॅटरी तुमची." मामा धावत जाऊन चावी फिरवत. उतरलेली असे. चावीला हात न लावता हे कळतं कसं? मामांचं म्हणणं, तिची नजरच कडक आहे. म्हणून त्यांनी गाडीला लिंबू-मिरच्या बांधल्या, तरी बॅटरी उतरतच राहिली. नव्या बॅटऱ्या आणल्या, त्याही उतरल्या. शिरूरचे मेकॅनिक येत, डोकं खाजवत आणि सांगत, "मामा, कुठंतरी करंट खातंय." मग शोध सुरू. पण डाव्या बाजूने आत शिरायचं नाही, तेलकट कपडे सीटला लागतील, ही मामांची सक्त ताकीद. बिचारे उजव्या दारातून मान वाकडी करकरून जेवढं दिसेल तेवढं बघत आणि चहा पिऊन जात.

हे सगळं वर्षानुवर्षं असंच चाललं असतं आणि आम्हीही हसत राहिलो असतो. पण यंदा श्रावणात मामांनी मला बोलावून गोठ्याच्या कडेला नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, तिच्या गुडघ्याचं आपरेशन ठरलं. दिवाळीनंतर. डागदर म्हनतो, मग खाली बसायचं न्हाई, कायमचं." मी म्हटलं, "बरंच की मामा, दुखणं तरी जाईल." त्यांनी गाडीकडे बोट केलं. गाडीची सीट जमिनीपासून वीतभर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मामा, मग मोठी गाडी का नाही घेतली?" मी विचारलं.

"मोठ्या गाडीत लोकं बसत्यात," मामा म्हणाले. "आमचं लगीन झालं, तिला दौंडास्नं आणली ती जीपमदी. मांडीवर माझी आत्या बसलेली. पुढं कवाबी माहेरी न्ह्यायची तर आई हाय, भाऊ हाय, पोरं हायती. एकदा तर कोकरू व्हतं. आमी दोघं आसं एकटं कुठं गेलोच न्हाई. म्हनून म्हटलं, गाडी घ्यायची तर आशी, की तिसरं मानूस मनात आसलं तरी बसाया नको." एवढं बोलून त्यांनी कालवडीच्या पाठीवर थाप मारली. मला त्या माणसाबद्दल एकदम फार माया वाटली आणि इतकी वर्षं आपण हसलो त्याचं वाईटही वाटलं.

बेत ठरला दसऱ्याचा. गाडीची पूजा करायची आणि दोघांनी दौंडला जाऊन मामींच्या भावाला सोनं द्यायचं. पंधरवड्याआधीच नवी बॅटरी बसवली. गावातल्या स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासतं म्हणून फळ्या तयार ठेवल्या. दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, नारळ फुटला. मामी जरीचं लुगडं नेसून, भावासाठी डबा घेऊन दारात उभ्या. मामांनी टोपी काढली, पाठमोरे झाले, "पांडुरंगा" म्हणाले आणि बसले. चावी फिरवली.

टकटकटक.

एरवी अशा वेळी मामा सगळ्यांवर ओरडतात. त्या दिवशी ओरडले नाहीत. नुसते पुढे बघत बसले. मग हळूच टोपी उचलून घातली, आत बसल्या बसल्याच. ती छताला अडून डोळ्यांवर आली, तरी त्यांनी सरळ केली नाही. मला बघवेना.

मामींनाही बघवलं नसावं. त्या डबा ओट्यावर ठेवून तरातरा आल्या, गाडी आली त्या दिवसानंतर पहिल्यांदा डावं दार उघडून वाकल्या आणि सीटच्या पुढे, पाय ठेवतात तिथल्या कोपऱ्यातला एक चोळीचा खण बाजूला केला. खणाखाली, चार्जिंगच्या भोकात खुपसलेला, विजेवरचा एक इवलासा दिवा मिणमिणत होता. जत्रेत मिळतो तसला, लाल ज्योतीचा.

"याच्यामुळं तर न्हाई ना हो हुत?" मामी म्हणाल्या.

मामा टोपीखालून दिव्याकडे बघत राहिले. "ह्यो कुनी लावला?"

"मीच की. गाडी आली त्या दिवशी, पूजा करताना. म्हटलं, ह्या वयात एवढी पळणारी गाडी, आन् तुमी एकटं बसनार. अखंड दिवा ठेवला देवाला. रोज काचेतनं खणाआडचा उजेड बघायचे, इझला की सांगत व्हते ना मी तुमाला, बॅटरी उतरली म्हनून."

मग जो हशा उठला, त्याने कालवड दावं ताणून मागे सरकली. जो करंट हुडकायला शिरूरची सगळी गॅरेजं झिजली, तो मामींना मामांची जी काळजी, तिच्यात खर्च होत होता. आणि तो सापडू नये म्हणून डाव्या सीटवर पहारा खुद्द मामांचा! हसले नाहीत फक्त मामा. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. देवाचा दिवा काढायचा न्हाई. आपन न्हाई गेलो तरी चालंल."

मामींनी वाकून दिवा उपटला आणि माझ्या बायकोच्या हातात दिला. "देवघरात ठिव गं. आता मीच हाय की शेजारी बसाया. दिवा कशाला?"

ट्रॅक्टर आणला, करंट पाजला, गाडी एकदम डरकाळी फोडून सुरू झाली. मी मामींना अटीची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "मोजताय काय चाव्या? धरा मला." माझ्या बायकोने एक हात धरला, मी दुसरा, आणि "आई गं" म्हणत मामी त्या प्लॅस्टिकवर करकर आवाज करत बसल्या. प्लॅस्टिक काढू का विचारलं, तर दोघंही एकदम नको म्हणाले. फळ्यांवरून गाडी स्पीडब्रेकर ओलांडून गेली. बैलगाडीच्या वेगाने गेली, पण गेली.

दिवेलागणीला मामांचा फोन आला. म्हणाले, परतताना भीमेच्या पुलाजवळ थांबलो, गाडी बंद करून जरा वेळ गाणी लावली, लायटी लावल्या, आता चालू होत नाही. मी म्हटलं, "मामा, काळजी करू नका, निघालोच ट्रॅक्टर घेऊन." मग मामा म्हणाले, "या. पर घाई करू नका. चा-बी पिऊन सावकाश या." आम्ही चहा घेतला आणि मग आणखी एकदा घेतला.

दिवाळीनंतर मामींचं ऑपरेशन नीट झालं. आता त्या काठी टेकत अंगणभर फिरतात, पण त्या सीटवर बसणं त्यांना आता जमायचं नाही. आणि गंमत अशी, की दिवा काढल्यापासून गाडी दर वेळी एका चावीत सुरू होते. मामा रोज संध्याकाळी गोठ्यातच ती सुरू करून बसतात. बॅटरी चार्ज करतोय म्हणतात. डावं दार उघडं असतं आणि दाराशी, उंच खुर्चीवर, पाय लांब करून मामी बसलेल्या असतात. परवा मी दुधाची किटली न्यायला गेलो तेव्हा दोघं अशीच बसली होती. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"कुठवर आलो?" मामींनी विचारलं.

मामांनी स्टिअरिंग नीट धरून समोरच्या वैरणीच्या गंजीकडे बघितलं. "पूल दिसाय लागला," ते म्हणाले.

मी किटली तिथेच ठेवली आणि पाय न वाजवता मागे फिरलो.