टोपण लावून काढलेले फोटो

टोपण लावलेल्या कॅमेऱ्याने दिवसदिवस फोटो काढत बसणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मामांनी मुळशी तालुक्यातल्या कोळवणला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, गच्चीवर दुर्बीण रोवली आणि तिच्या मागे कॅमेरा जोडला. मुळशीच्या पावसात महिनोन् महिने तारा दिसत नाही, पण मामांना त्याचं दुःख नसे. तेवढ्यात ते कॅमेऱ्याचे दोष शोधत. आम्ही भेटायला गेलो की संगणकावर निव्वळ काळे फोटो दाखवत. "या काळ्यातही ठिपके आहेत बघा, जावईबापू. हे तारे नव्हेत, कॅमेऱ्याचे भास. ते आधी ओळखून ठेवायचे आणि खऱ्या फोटोतून वजा करायचे." हे वजा करणं अंगात इतकं मुरलेलं, की माझ्या मेहुणीला सांगून आलेल्या मुलाचा फोटो बघून म्हणाले, "आधी स्टुडिओवाल्याचा उजेड वजा करू, मग मुलाबद्दल बोलू."

घरमालकीण हौसाबाईंनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. काचेवरची धूळ फोटोत कुठे डाग पाडते हे कळावं म्हणून मामा दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून सकाळच्या आभाळाचा कोरा फोटो घेत. एकदा दोरीवर वाळत घातलेलं हौसाबाईंच्या मालकांचं नवं धोतर त्यांच्या मनात भरलं. मालक लग्नाला निघायचे खोळंबून बसले. "धोतराचा फोटू काडतंय व्हय कुणी?" हौसाबाईंनी मला विचारलं. "डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं मामांचं?"

गेल्या हिवाळ्यात मात्र प्रत्येक फोटोच्या मधोमध मामांना एक करडा डाग दिसू लागला. काच पुसली, कापड बदललं, सगळे कोरे फोटो नव्याने घेतले, डाग हटेना. शेवटी मला बोलावून घेतलं. मी पुन्हा पुन्हा निरखून पाहिलं.

"मामा, फोटो स्वच्छ आहे."

मामांनी हाताने आधी उजवा डोळा झाकला, मग डावा. खिडकीतून भातखाचरांकडे बघत पुन्हा तेच केलं. डाग तिथेही होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "म्हणजे फोटोत नाही," एवढंच म्हणाले आणि संगणक बंद केला.

दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजलेत, गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुण्याहून परतताना गाडीत मामा खिडकीबाहेर बघत आळीपाळीने एकेक डोळा झाकत राहिले.

दुर्बीण अजून गच्चीवरच आहे, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. परवा मी गेलो तेव्हा हौसाबाई चहा घेऊन आल्या. मामा त्यांच्याशी बोलू लागले, पण नजर भलतीकडेच.

"माज्याशी बोलताय आन् बगताय गोठ्याकडं?"

"सरळ बघितलं की तुम्ही दिसत नाही, हौसाबाई. अंधूक तारासुद्धा असाच बघतात, जरा बाजूला नजर ठेवून."

हौसाबाई कप मामांच्या हातात देऊन, ते बघत होते त्या बाजूला सरकून बसल्या. आणि त्या दिसाव्यात म्हणून मामांनी नजर आणखी थोडी बाजूला नेली.